उघाडीचा परवाना

पेण, १४ जून

साईराज,

पोस्टाने पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली, याचं सगळं श्रेय तुझं. पेण ते रोहा, गाडीने तासाभराची वाट. मी पाकीट घ्यायला गेले तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, मिस्टर परदेशात असतात का? मी म्हटलं, नाही, रोह्याला असतात, अष्टमी गावात, पुलापलीकडे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर तुला कुरिअर करता आली असती तर केली असती.

व्हॉट्सअ‍ॅप तू वापरत नाहीस, कारण ते मुक्त नाही. माझ्या जीमेलवरून आलेली मेल तुझा सर्व्हर दारातूनच हाकलतो. तो सर्व्हर माळ्यावर कांद्याच्या माळांशेजारी, आणि अष्टमीची लाइट गेली की तोही मान टाकतो. फोन करावा तर तू शिफ्टला. शिफ्ट नसली तर "परवान्याचं बोलणार असशील तर लेखी दे" म्हणून फोन ठेवतोस. घे. लेखी.

आणखी एक. हे पत्र टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवायचं आहे, त्यांनी तशी अट घातली आहे. लेकीचा संसार कशावरून अडला ते त्यांना एकदा नीट ऐकायचं आहे. तेव्हा तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी सरळ लिहिणार. कंटाळा आला तर सोसून घे. तुझं मी बारा वर्षं सोसलं.

तर. "उधाण" हे आपण दोघांनी मिळून केलेलं फोनवरचं अ‍ॅप. खाडीचं पाणी किती वाजता चढणार, किती वाजता उतरणार हे ते सांगतं, म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट, उघाडी, तिचं दार भरतीला कधी पाडायचं आणि ओहोटीला कधी उचलून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं ते घरबसल्या कळतं. भरतीचा हिशोब तू मांडलास. बाकी सगळं, म्हणजे बटणं, अक्षरं आणि गावोगावच्या बायकांची बोलणी, माझं. तुझ्या आग्रहाने आपण ते मुक्त परवान्याखाली दिलं: कुणीही घ्यावं, वापरावं, आत उघडून बघावं, बदलावं, वाटावं. अट एकच, बदललेलं दुसऱ्याला देताना त्यालाही हीच मोकळीक द्यायची, काही झाकून ठेवायचं नाही.

आता पनवेलची एक कंपनी खाडीकाठच्या गावांना विजेवर चालणारी दारं बसवायला निघाली आहे. सुरुवात माझ्या माहेरापासून, खारसोंडपासून. त्यांना उधाणचा हिशोब हवा आहे, पण त्यात ते स्वतःची जी भर घालतील ती झाकून ठेवायची आहे. त्यासाठी त्यांना आपली वेगळी परवानगी लागते. लिहिणारे दोघे, म्हणून सह्या दोन. माझी झाली. तुझी नाही.

एवढंच भांडण आहे, बाबा. (हे बाबांसाठी.) लोकांचे संसार दारूवरून मोडतात, जमिनीवरून मोडतात. मी मैत्रिणीला सांगते की आमचं परवान्यावरून वाजलं, तर ती म्हणते, लायसन्स तर तुझ्याकडे आहे ना गाडीचं?

तुझं म्हणणं मला झोपेतही म्हणून दाखवता येईल. ज्याच्या हातात वस्तू, त्याच्या ताब्यात ती असली पाहिजे. आतलं बघायची, बदलायची, शेजाऱ्याला द्यायची मोकळीक हा माणसाचा हक्क आहे, मग ती वस्तू चांगली चालो की वाईट. माझं म्हणणं साधं आहे. कोड उघडा ठेवला की दहाजण बघतात, चुका सापडतात, काम लवकर सुधारतं. म्हणून उघडा ठेवायचा. आणि एखाद्या ठिकाणी थोडं झाकून काम जास्त चांगलं होत असेल तर झाकायचं. तू याला "मुक्त" म्हणायचास, मी "ओपन सोर्स" म्हणायचे, आणि इतकी वर्षं कोड तोच, परवाना तोच, म्हणून मला वाटलं शब्दाचा काय तो फरक. पेणहून एका गाडीत बसलो म्हणून एकाच गावाला चाललोय असं समजत होते मी. एकाला कासूला उतरायचं आहे हे मधेच कळलं.

बांध विकतेस, असं तू मला मे महिन्यात म्हणालास. ज्या बांधावर माझ्या आजीने डोक्यावरून चिखल वाहिला तो बांध. त्याच दिवशी मी बॅग भरली आणि पेणला ही भाड्याची खोली घेतली. ते शब्द मी विसरलेले नाही, पण सहीच्या बदल्यात विसरायला तयार आहे.

आषाढ अमावास्येचं उधाण मोठं असतं, त्याच्या आत दार बसायला हवं. सोबत कागद आहे. खाली फुली मारली आहे तिथे सही कर.

मृणाली

ता.क. बाबांनी ऐकलं. म्हणाले, "त्याचा पण बराबर हाय आनि तुजा पण बराबर हाय, मंग भांडता कशाला?" आता सांग यांना तू.


पेण, ३ जुलै

साईराज,

सात पानं. टाइप केलेली, मुद्द्यांना आकडे घातलेले, खाली तळटिपा. कागद सहीविनाच परत आला. सात पानांत "तब्येत कशी आहे" एवढं लिहायला तुला जागा सापडली नाही, पण कंपन्यांनी मुक्त कोड घेऊन कुंपण कसं घातलं याची उदाहरणं मात्र तारीखवार आहेत. मला चार दिवस ताप होता, तुला कळवण्याचं काही कारण नाही, सहज लिहिलं.

मुद्दा चारला उत्तर देते, कारण बाकीचे सहा त्याचेच भाऊबंद आहेत. तू विचारतोस, खारसोंडचं दार कधी उघडायचं हे पनवेलमध्ये बसलेला कोण ठरवणार? मी सांगते. ज्याला त्या कामाचा पगार मिळतो तो ठरवेल, आणि बरोबर ठरवेल, कारण चुकला तर त्याची नोकरी जाईल. तुझ्या मोकळीकीत चुकलं तर कुणाचं काय जातं?

इंदुबाई तुला माहीत आहेत, आमच्या उघाडीचं दार त्यांच्याकडे आहे. साठी उलटली. पावसात बांधावरून चिखल तुडवत जायचं, दाराच्या फळ्या पाडायच्या, ओहोटीला परत जायचं, उचलायच्या. दोन्ही गुडघे गेले आहेत. उधाण वेळ सांगतं, पण फळी उचलत नाही. त्या बाईला आतला कोड बघण्याची मोकळीक नको आहे, साईराज. तिला बटण हवं आहे. तुझ्या मुद्दा चारात तिचे गुडघे कुठे बसतात ते कळव.

आणि दुसऱ्याला शिकवायच्या आधी स्वतःच्या पानात बघावं. धाटावच्या कंपनीत तू ज्या मशिनींच्या सुया आणि तारा तपासतोस, त्यातली एक तरी मुक्त आहे? तिथे पगाराच्या दिवशी तुझं तत्त्व बसने गावाला जातं का? तू म्हणशील, म्हणून तर मला आतून माहीत आहे. हे उत्तरही मला पाठ आहे, लिहू नकोस.

इथे काय झालं ते ऐक, तुझ्यामुळेच झालं. रविवारी देवळात गावाची बैठक झाली. मी सगळ्यांना समजावलं, मुक्त म्हणजे काय, खुला म्हणजे काय, दोन सह्या कशाला. तासभर बोलले. शेवटी बाबांनी विचारलं, "म्हंजे जावय अडून बसलाय. त्याला काय पायजे?"

मी म्हटलं, "बाबा, त्यांना काही नको. त्यांचं तत्त्व आहे."

"तत्त्व म्हंजे किती?"

सगळी बैठक माझ्याकडे बघत होती, मी किती सांगते म्हणून. मी परत पहिल्यापासून सुरू केलं, पण इंदुबाईंनी हात वर करून मला गप्प केलं. "नको गो बाय घसा फोडू. एक जिताडा धाडा त्याला. मोठमोठ्या सायबांची कामा जिताड्यान व्हतात, ह्यो तर घरचा मानूस हाय."

हे सर्वानुमते पास झालं. इतकी वर्षं या गावात पाणी, रस्ता, वीज यांतलं काहीही मासा पोचल्याशिवाय आलेलं नाही, त्यामुळे तुझी सहीही त्याच वाटेने येणार याबद्दल कुणाला शंका नाही. मी पोटतिडकीने सांगितलं की हा माणूस तसा नाही, याचा उलटा परिणाम होईल. बाबा म्हणाले, सगळे पहिल्यांदा असंच बोलतात.

उद्या तळ्यातून काढणार आहेत. तुझा दोस्त निलेश रोज रोह्याहून पेणला कामाला येतो, त्याच्या हाती थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून परतीच्या गाडीने पाठवतील. तोच निलेश, ज्याला मी हे पत्र ने म्हटलं तर "वहिनी, मासे नेईन, तुमची पत्रं नेणार नाही, दोन्हीकडून बोलणी बसतात" म्हणाला. त्याचंही बरोबर आहे.

कागद पुन्हा जोडला आहे.

मृणाली


पेण, १५ जुलै

साईराज,

तू जिताडा खाल्लास.

मी इथे छाती पिटून सांगत होते की परत पाठवेल, अपमान वाटेल, आणि तू खाल्लास. वर निलेशच्या तोंडी निरोप: मासा उत्तम होता, गावाचे आभार, सहीचा आणि याचा संबंध नाही, भेटीला अट नसते. गावात हे कळल्यावर चारजणांनी निलेशला निरोप पुन्हा म्हणायला लावला. जिताडा खाऊन काम न करणारा माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बाबांना तर एकीकडे राग आणि दुसरीकडे थोडा आदर वाटायला लागला आहे, ते मला अजिबात आवडलेलं नाही.

भेटीला अट नसते काय? मग तुझ्या परवान्याला कशी असते? गावाने दिलं तर बिनअटीचं, तू दिलंस तर अटींसकट, असा हा न्याय आहे.

आणि निलेशच्या हाती तू कागद पाठवलास. मला वाटलं, सही. उघडते तर पाककृती. अर्धा मासा अष्टमीच्या चार घरी वाटला, आणि कालवण कसं केलं ते सविस्तर: आमच्या आईच्या पद्धतीत काय बदल केला, आमसुलाऐवजी चिंच का घातली, ज्याला हवं त्याने आणखी बदलून पुढे द्यावं. मी हसले नाही. आईने वाचलं आणि म्हणाली की चिंच जास्त झाली असणार, आणि मग दुसऱ्या दिवशी तिने तसं करून बघितलं. मला घरात कुणाचा पाठिंबा उरलेला नाही.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते, नाहीतर निलेश सांगेल. दार बसलं आहे. चाचणीपुरतं. तुझी सही येणारच असं धरून मी त्यांना म्हटलं, तोवर उधाणचा हिशोब घालून चालवून बघा. दहा तारखेपासून चालू आहे. बाहेरच्या अंगाला एक सेन्सर बसवला आहे, तो खाडीचं पाणी बघतो, आणि दार आपोआप पडतं, आपोआप उठतं. इंदुबाई ओटीवर बसून फोनमध्ये बघतात, दाराशेजारी हिरवा दिवा लागला की सुनेला हाक मारून दाखवतात. त्या दिवशी मला म्हणाल्या, "म्हातारपनी मला या दारान पेन्शन दिली गो." हे ऐकायला तू इथे हवा होतास. तत्त्व घेऊन.

तू मात्र काय केलंस? मे महिन्यात रागाच्या भरात उधाण प्ले स्टोअरवरून काढून टाकलंस. म्हणे ते दुकानच मुक्त नाही. आता कुणाला हवं असेल तर तुझ्या साइटवर जा, फाइल उतरव, फोनच्या सेटिंगमध्ये तीन ठिकाणी परवानगी दे, फोन "हे धोकादायक आहे" म्हणून ओरडतो ते ऐकून घे. खाडीकाठची कोण बाई हे करणार? जी मोकळीक कुणाच्या फोनमध्ये शिरतच नाही ती कुणासाठी ठेवली आहेस तू? माळ्यावरच्या कांद्यांसाठी?

मला आता वीट आला आहे. खालच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचं काम जोरात आहे, कंप्रेसर दिवसभर चालतो, वर माझ्या खोलीत रंगाचा वास, संध्याकाळी माझ्या क्लासची मुलं, आणि मालक रोज विचारतात, साहेब गणपतीला येणार ना? मी रोज काहीतरी सांगते. मला रोज काहीतरी सांगायचं नाही आहे.

म्हणून स्पष्ट लिहिते. चोवीस तारखेच्या अमावास्येच्या आत तुझी सही आली नाही, तर मी अष्टमीला परत येणार नाही. गणपतीलाही नाही, नंतरही नाही. रागात लिहिते आहे असं समजू नकोस. जेवून, भांडी घासून, शांत बसून लिहिते आहे.

मृणाली


खारसोंड, २७ जुलै

साईराज,

सही आलेली नाही. बरं झालं. पुढे वाच, मग कळेल.

गुरुवारी अमावास्या. दुपारी साडेबाराच्या सुमाराला खाडी भरली, दार वेळेवर पडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. वर पाऊस असा की समोरचा बांध दिसत नव्हता. चार वाजता पाणी उतरलं, दार उठायला हवं होतं. उठलं नाही.

इंदुबाईंचा फोन आला, मी पेणहून निघाले. उघाडीवर पोचले तेव्हा बाहेर ओहोटी लागून गाळ उघडा पडलेला, आणि फोनमध्ये कंपनीचं अ‍ॅप म्हणतंय, भरती चालू आहे, दार सुरक्षित बंद आहे. बाहेरच्या सेन्सरवर गाळ बसला होता. खाडीत गाळ येतो हे पनवेलला कुणाच्या ध्यानात आलं नसावं. सेन्सरला कायम पाणीच दिसत होतं. गावातला रघू पोटावर झोपून हात घालून पुसायला गेला, हात पोचेना, सेन्सर लोखंडी पेटीत बंद केलेला.

मी पनवेलला फोन लावला. एक मुलगी फार गोड बोलली. तक्रार नोंदवली आहे, माणूस निघेल, पण हायवेला पाणी आहे. मी म्हटलं, माणूस नको, मला आत शिरू दे. सेन्सरचं ऐकू नको, वेळेच्या हिशोबाने दार उचल, एवढी एक ओळ बदलायची आहे. तो हिशोब आमचाच आहे. आम्ही दोघांनी लिहिलंय ते. ती म्हणाली, "मॅडम, ती परवानगी युजरला नसते."

युजर. माझ्या नवऱ्याने मांडलेला हिशोब, मी केलेली बटणं, माझ्या बापाची शेतं, आणि मी युजर.

आता ऐक, हे कुणाला सांगितलेलं नाही. पुरुष पहार घेऊन आले होते पहिल्याच संध्याकाळी. दार उचकटून काढतो म्हणाले. मी त्यांना थांबवलं. मोटार मोडेल, करार बिघडेल, उद्या सकाळी माणूस येतोय म्हटलं. त्यांनी माझं ऐकलं, कारण मी शिकलेली आणि ते माझंच अ‍ॅप. रात्रीची ओहोटी गेली. शुक्रवारी सकाळपासून वाट बघितली. सगळ्या शिवारात गुडघ्याच्या वर पाणी, लावणी होऊन आठवडा झालेला. कुठे रोपाचं टोक दिसत नव्हतं. बाबा बांधावर बसून होते. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी माझं न ऐकता त्यांनी दार तोडलं. चेन-पुली लावून चौकटीतून उपटलं आणि जुन्या फळ्या परत घातल्या. पाणी गेलं. वरची खाचरं वाचली. खालची सगळी कुजली, बाबांची, इंदुबाईंची, सगळ्यांची. कुणाकडे रोप उरलंय का ते मागत बायका गावोगाव फिरताहेत.

तू बरोबर होतास. घे, लेखी. पहिल्या पानापासून सातव्या पानापर्यंत, तळटिपांसकट बरोबर होतास. मी म्हणत होते चांगलं चालतं म्हणून झाकू दे. चालतं तोवर झाकलेलं आणि उघडं यांत मला फरक दिसत नव्हता, आणि ज्या दिवशी बंद पडलं त्या दिवशी फक्त तेवढाच फरक उरला.

पण थांब, लगेच कॉलर ताठ करू नकोस. शुक्रवारी मी काय केलं माहीत आहे? कंपनीचं अ‍ॅप आल्यावर सगळ्यांनी, मीसुद्धा, फोनमधलं उधाण काढून टाकलं होतं, तेव्हा ओहोटी कधी लागते ते बघायला म्हटलं ते परत घालून देऊ. स्टोअरवर नाही. तुझ्या साइटवर गेले तर साइट बंद, कारण रोह्याला वीज नव्हती, कारण तुझा सर्व्हर माळ्यावर. माझ्या लॅपटॉपवरचा कोड पेणला खोलीत, आणि रस्ता पाण्याखाली. माझ्याजवळ मुक्त सॉफ्टवेअर होतं, चारी बाजूंनी मुक्त, आणि ते कुणाच्याच हातात नव्हतं. शेवटी म्हाताऱ्यांनी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढली, तशी लोक पूर्वी काढत.

तू बरोबर होतास आणि तुझा काही उपयोग नव्हता. माझा उपयोग होता आणि मी चूक होते. या दोघांनी मिळून इतकी वर्षं संसार केला, आणि गावाची भातं कुजवली.

मला तुझा इतका राग आला आहे की तू इथे असतास तर तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले असते.

मृणाली


पेण, ३१ जुलै

साई,

तुझं पाकीट आज आलं. पावसाने गाड्या बंद, म्हणून इतक्या दिवसांनी. शिक्का बावीस तारखेचा आहे. म्हणजे पाण्याच्या आधी. माझं मागचं पत्र तुला मिळायच्या कितीतरी आधी.

मी उभ्या उभ्या उघडलं. आत माझा कागद, फुलीच्या जागी तुझी सही, आणि मागे हाताने लिहिलेलं: "सही केली आहे. घरी ये."

सात पानं लिहिणारा माणूस. एक तळटीप नाही.

मी जिन्यातच बसले. खालचे मालक विचारत होते काय झालं, मी म्हटलं, काही नाही, सही आली. त्यांना वाटलं बातमी चांगली आहे.

मला काय वाटलं ते सांगू? मला लाज वाटली आणि संताप आला, आणि संताप पुन्हा तुझाच. कशाला केलीस? जिताड्याने केली नाहीस, गावाने मागितली तरी केली नाहीस, माझ्या बापाने पाठवलेला मासा खाऊन हात धुतलेस आणि बधला नाहीस. मग मी येणार नाही म्हटल्यावर का केलीस? या एका गोष्टीवर तू उभा आहेस हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. तिच्यावरून मी तुझी इतकी वर्षं टिंगल केली, आणि ती गोष्ट तू माझ्यासाठी अशी काढून दिलीस, जसा कुणी अंगावरचा सदरा काढून देतो. मी मागितली होती, हो. मागून मिळाल्यावर कळलं की मला ती हातात धरवत नाही. तुझ्याशी भांडून मला वैताग येतो. तू न भांडता हरलास, त्याची मला भीती वाटली.

कागद घेऊन संध्याकाळी खारसोंडला गेले. कंपनीची माणसंही आली होती, पनवेलहून, मोठी गाडी घेऊन. फार नम्र बोलली. नवीन दार विनामूल्य बसवू, सेन्सर वर घेऊ, फक्त ती दुसरी सही. बाकीची गावंही तयार आहेत म्हणाले. माझ्या पिशवीत सही होती. गावाला माहीत नव्हतं.

इंदुबाई शेजारी बसल्या होत्या. परत फळ्या उचलायच्या आहेत त्यांना, गुडघ्यांना तेल चोळून आल्या होत्या, तो वास येत होता. मी त्यांना हळूच विचारलं, बटण हवंय ना तुम्हाला? म्हणाल्या, "हवा हाय की. पन बटन चालला नाय त मी कुनाला हाक मारू, ता सांग." याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कंपनीच्या कराराच्या कागदात नव्हतं.

मी कंपनीच्या माणसांना सांगितलं, दार बसवा, मोटार बसवा, पैसे घ्या, आमचा हिशोबही घ्या. फक्त आत जे घालाल ते आम्हाला उघडून बघता आलं पाहिजे, बिघडलं तर आम्हाला हात घालता आला पाहिजे. परवाना आहे तोच राहील. ते म्हणाले, मॅडम, तुमच्या मिस्टरांचं मत आम्हाला माहीत आहे, तुम्ही तरी समजून घ्या. मी म्हटलं, हे मत माझं आहे. बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं.

ते गेले. दार नाही. इंदुबाईंचे गुडघे तसेच आहेत, आणि याला मी जबाबदार आहे हे मी विसरणार नाही. तूही विसरायचं नाही. धाटावला एवढी यंत्रं दुरुस्त करतोस, एक दार उचलणारी मोटार आणि ती चालवणारा, कुणालाही उघडता येणारा डबा तुला आणि मला मिळून करता येत नसेल, तर मुक्ती मुक्ती म्हणून गळा काढू नकोस. आणि उधाण स्टोअरवर परत जाणार. ते दुकान कितीही घाणेरडं असो, माणसं तिथेच येतात. यावर तू वाद घालणार, घाल. मी जिंकणार आहे.

हे सगळं माझ्याकडून मुद्द्यांचं झालं. आता बाकीचं.

तुझी सही मी देवळाच्या पायरीवर फाडली. चार तुकडे केले, भिजले, गेले. कंपनीला दिली असती तर मला परत यावं लागलं असतं, आणि प्रत्येक वेळी तुझ्याकडे बघताना ती आठवली असती. तुला काहीतरी सोडायला लावून घरी आलेली बाई मला व्हायचं नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने रोह्याला उतरते आहे. शिफ्ट असेल तर बदलून घे. तू सही केलीस म्हणून येत नाही, साई. फाडली, म्हणून येता येतंय.

मृणाली